अक्षरामागे बारा रुपये

फ्लेक्स आलं अन् गोळीबार चौकातले आम्ही पेंटर एकेक करून बसलो.
मी टिकलो तो दवाखान्याच्या दारांवर.
साहेबाच्या नावाला म्हणे ब्रशच शोभते.
अक्षरामागे बारा रुपये, काना-मात्रा फुकट,
जोडाक्षराचे मी दोन धरतो,
बिलाची बाई भांडते, मंग देते.

पहिल्या साली एकच दार होतं, 'अधीक्षक'.
मंग उप, मंग सहायक, मंग उपसहायक.
सलाईनच्या खोक्यांची खोली होती
तिच्यात मधून भिंत घातली, दोन दारं काढली.
दुसऱ्या दारावर मी लिहिलं 'समन्वयक, समन्वय कक्ष'.
चौदा अक्षरं. एकशे अडुसष्ट.
शिपायाला विचारलं, हे बरोबर आहे नं बाप्पा?
तो म्हणाला, बरोबर-चूक पाहणाऱ्याची पाटी पुढच्या महिन्यात आहे.

सलाईनची खोकी आता वॉर्ड सातच्या जिन्याखाली असतात.

खोटं काहून बोलू,
असल्या लांबलचक पदांवरच माझ्या पोरीची फी भरली गेली.

सकाळी साडेसहाला गेटासमोर तर्रीपोहे.
रात्रपाळी सुटते, दिवसपाळी येते,
पेशंटचे लोक नळावर डबे धुतात,
अन् ज्याच्या तोंडात घास त्याच्याच तोंडात मत.
पाठराबे गुरुजी म्हणाले, नर्सला सत्तर हजार मिळतात,
माझ्या भाचसुनेला मिळतात, तरी यांचे संप.
इस्माईल ऑटोवाला म्हणाला, ती पर्मनंट, गुरुजी. हिला विचारा.

ही म्हणजे सुकेशिनी. रात्रभर वॉर्ड सात.
अर्धी प्लेट घेतली होती, तर्री मात्र दोनदा.
खाता खाताच बोलली,
'कागदावर सतरा. एजन्सी कापून चौदा. मार्चचे अजून यायचेत.'
मे संपत आला होता.
गुरुजी प्लेटीत पाहत राहिले. मंग म्हणाले,
लिंबू घे पोरी.

टाय लावलेला एक जण म्हणाला,
साहेब नकोत म्हणता, तं ऑक्सिजनचा टँकर कोण मागवेल?
कोणी काही बोललं नाही, कारण ते खरंच होतं.
नळाजवळून एक बाई बोलली,
तिचा माणूस ऊन लागून तीन दिवस बेशुद्ध.
'टँकरवाला साहेब असंल बाप्पा. मले नाही दिसला.
एक पोरगी दिसली, चाळीस खाटांत पळून राहिली.
ते पाच मिनिटं बसली असती
तं मलेच बरं वाटलं असतं.'

सेहेचाळीस डिग्री. सातच्या कूलरमध्ये पाणी भरायला माणूस नाही.
सुकेशिनी बादलीनं भरते,
भरल्याची नोंद वहीत करते,
वहीची नोंद मोबाईलमध्ये,
अन् नोंद उशिरा झाली म्हणून मेमो घेते
ज्या दारातून, त्याचा 'ज्ञ' मीच काढला आहे,
फार सुरेख जमला होता.

परवा त्या चौघी घरी आल्या. जुन्या चादरी घेऊन.
दवाखान्याचा शिक्का नाही, हे आधी उलटून दाखवलं.
व्हरायटी चौकात जायचं आहे, दादा, लिहून द्याल?
सवयीनं तोंडातून गेलं, अक्षरं किती?
'पगार द्या.'
मी बोटांवर मोजलं. द्या-चे दोन धरून पाच.
साठ रुपये.
आकडा बोललो नाही. पण मोजला, हे सुकेशिनीनं पाहिलं.

लाकूड रंग धरून ठेवते, कापड पिऊन घेते.
मला वाटलं होतं पाव डबा पुरेल.
तिसऱ्या चादरीपर्यंत तळ खरवडला,
शेवटचा 'द्या' फिका आला, वाळल्यावर आणखी फिका.
दुरून 'पगार' तेवढं दिसतं.
असू द्या, ती म्हणाली, आम्ही ओरडून सांगू.

चादरी अंगणात वाळत होत्या तेव्हा फोन आला.
मोर्चा निघणार म्हणून नवीन पद काढलंय, उद्याच पाटी पाहिजे,
'कर्मचारी संवाद अधिकारी'.
बारा अक्षरं. एकशे चव्वेचाळीस.
मी हो म्हणालो.
ब्रश अजून धुतला नव्हता.